जेवून दहा मिनिटं होत नाहीत तोच डबे वाजतात – भूक नसताना मुलं का खातात?

सावनी_घोडबंदर | सोमवार, रात्री १०.४०

मुलगा बारा वर्षांचा, सातवीत. सकाळची शाळा. दीडला बसमधून उतरतो, दोनपर्यंत जेवतो. जेवण व्यवस्थित असतं: तीन पोळ्या, भाजी, वरणभात, ताक. मी ऐरोलीला नोकरी करते, नवरा अंधेरीला. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून घरी यायला मला साडेसात-आठ होतात. तोपर्यंत तो घरी एकटा.

दिवाळीच्या चकल्या मोठ्या डब्यात भरल्या होत्या, तीस तरी असतील. भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी डबा उघडला. टोपण घट्ट लावलेलं, वरचा कागद जसाच्या तसा घडी घातलेला, आणि त्याखाली दोन तुकडे आणि तीळ. शंकरपाळ्यांचं तेच. गादी उचलली तर वेफर्सची चार रिकामी पाकिटं, तीही छान चपटी करून ठेवलेली.

काल रविवार, मी घरीच होते. मटण-भात चापून झाल्यावर ‘आई, पोट तुडुंब झालं’ म्हणाला, आणि दहाव्या मिनिटाला स्वयंपाकघरात फरसाणाची पिशवी वाजली. मी विचारलं, भूक लागली का? ‘नाही.’ मग कशाला खातोस? ‘माहीत नाही.’ उडवून लावत नव्हता हो. खरंच विचार करून म्हणाला, माहीत नाही. आणि मी त्याच्यावर ओरडले. ‘हावरट’ म्हणाले. तो शब्द तोंडातून गेल्यापासून मला चैन नाही.

हे काय असतं? हाव, सवय, की काही दुखणं? आपल्या मुलांचे, स्वतःचे अनुभव सांगा. उपायापेक्षा मला आधी कारण समजून घ्यायचंय.

जुना_ठाणेकर | सोमवार, रात्री ११.०५

कारण सोपं आहे. समोर आहे म्हणून खातो. आमच्या लहानपणी गोखले रोडवरून स्टेशनपर्यंत चालत गेलं तर खायची दुकानं मोजकी. आता राम मारुती रोडला संध्याकाळी उभे राहा, दर दहा पावलांवर काहीतरी तळलं जातंय किंवा चीज किसलं जातंय. वासानेच तोंडाला पाणी सुटतं, त्यात पोटाचा काय दोष? घरात आणू नका, प्रश्न मिटला.

मीनल_नेरूळ | मंगळवार, सकाळी ७.१५

सावनीताई, मी आहारतज्ज्ञ आहे, लहान मुलांसोबतच काम करते. तुम्ही विचारलंय त्याला अभ्यासक ‘भूक नसताना खाणं’ असंच म्हणतात आणि त्यावर पुष्कळ काम झालंय. अमेरिकेत जेनिफर फिशर आणि लिआन बर्च या दोघींनी १९९९मध्ये ते मोजायची एक साधी पद्धत वापरली. मुलांना पोटभर जेवू घालायचं, भूक उरली नाही ना याची खात्री करायची, मग खेळणी आणि बरंच चटकमटक खाणं असलेल्या खोलीत दहाएक मिनिटं एकटं सोडायचं. मूल किती खातं ते नंतर मोजायचं. भरल्या पोटी बहुतेक मुलं काही ना काही खातातच. काही जरासं चाखतात, काही बरंच खातात. तेव्हा तुमचा मुलगा जगावेगळं काही करत नाहीये, हे आधी मनात पक्कं करा.

जुना_ठाणेकर काका, तुमचं अर्धं पटतं. त्याच दोघींच्या आणखी एका प्रयोगात मुलांपुढे साधारण सारख्याच आवडीचे दोन पदार्थ होते. एक हवा तेव्हा मिळायचा, दुसरा समोर दिसायचा पण थोडाच वेळ हाती लागायचा. काही आठवड्यांत मुलांचा जीव त्या दुसऱ्यातच अडकला. त्याच्याबद्दल बोलणं, तो मागणं, मिळाला की त्यावर तुटून पडणं. म्हणून घरात न आणणं वेगळं, आणि आणून फडताळाच्या वरच्या खणात ठेवून ‘हात लावायचा नाही’ म्हणणं वेगळं. दुसऱ्याने वखवख वाढते.

आणखी एक. पोट भरलं म्हणजे सगळ्याच चवींपासून मन भरलं असं नसतं. मटण-भाताचा कंटाळा येतो, फरसाणाचा आलेला नसतो. लग्नात ‘आता घासही नको’ म्हणणारा माणूस जिलबी आली की दोन घेतो, ते यामुळेच. बार्बरा रोल्स यांनी १९८०च्या दशकात यावर प्रयोग केले. हा निसर्गाचाच बेत आहे, म्हणजे माणूस एकच एक पदार्थ खात बसत नाही. त्यात हावरटपणा कुठे आला?

पक्या_कळवा | मंगळवार, सकाळी ७.३२

म्हणजे मी लग्नात सहा जिलब्या खातो तो निसर्गाचा बेत! हा प्रतिसाद छापून बायकोला देतो.

नौपाड्याची_आजी | मंगळवार, सकाळी ९.५०

सावनी, मी ७२ वर्षांची आहे. नातीने हा धागा वाचून दाखवला आणि मी सांगते ते तीच टंकते आहे.

मी कुलूप लावणारी आई होते. आमचं तेव्हा नौपाड्यात दोन खोल्यांचं बिऱ्हाड. तीन मुलं, दोन दीर, सासूबाई. लाडू केले की पुरवायचे असत, म्हणून फडताळाला कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला. त्यात मला काही गैर वाटत नसे, आणि त्या परिस्थितीत दुसरा इलाज नव्हताही. पण माझ्या धाकट्याचं सांगते. आता तो ४६ वर्षांचा आहे, चांगला पगार आहे, घरात कशाला तोटा नाही. माझ्याकडे आला की अजून लाडू उभ्यानेच खातो. फडताळाचं दार अर्धं उघडं, एक हात दाराला, पाठ आमच्याकडे. दोन घासांत लाडू संपवतो आणि दार असं लावतो की आवाज येऊ नये. इतकी वर्षं मला ती त्याची लकब वाटायची. आज मीनलचं लिहिणं ऐकलं आणि पोटात कालवलं.

तू त्याला तो शब्द बोललीस, मीही बोलले आहे. जवळ घे आणि ‘चुकलं माझं’ म्हण. मुलं लगेच विसरतात. आपणच लक्षात ठेवतो.

सावनी_घोडबंदर | मंगळवार, सकाळी १०.१०

आजी, ऑफिसच्या बसमध्ये वाचलं. डोळ्यांत पाणी आलं. आज म्हणते त्याला.

हर्षल_खारघर | मंगळवार, दुपारी १.२०

मी १९ वर्षांचा आहे, खारघरला हॉस्टेलवर राहतो, बीएस्सी लाइफ सायन्सेस दुसरं वर्ष. मुलांच्या बाजूने लिहितो.

बारावीच्या वर्षी मी रात्री अकरा ते दोन या वेळात रोज खायचो. बिस्किटं, मॅगी, आईने केलेला चिवडा, काहीच नसेल तर नुसता गूळ. भूक कधीच नसायची. त्या वेळी सांगता आलं नसतं, पण आता कळतं, मला खुर्चीतून उठायला एक कारण हवं होतं. भौतिकशास्त्राचं गणित अडलं की उठायचं. टीव्ही लावला असता तर बाबा बाहेर आले असते. मोबाइल आईकडे जमा असायचा. स्वयंपाकघरात गेलं की मात्र कुणी काही बोलत नसे, उलट ‘बिचारा जागतोय’ म्हणून आई डबा भरून ठेवायची. घरात मान्य असलेली सुटी तेवढी एकच होती.

दुसरं म्हणजे झोप. अभ्यासात वाचलं तेव्हा सगळा उलगडा झाला. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४मध्ये १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं, आणि ‘पुरे’ सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घसरलं. त्यांना खावंसं वाटलं ते गोड, खारट आणि पिष्टमय. पालेभाजी कुणाला आठवली नाही. प्रयोग छोटा आहे, पण आमच्या मजल्यावरची परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली कचराकुंडी बघितली तर पटतं.

आता तर दहा मिनिटांत दारात आणून देणारी ॲपं आहेत. रात्री दीड वाजता एकाने मागवलं की पाच जण जमतात. त्यातल्या एकालाही भूक नसते, पण ‘मी नको’ म्हणून खोलीत परत जाणं फार एकटं वाटतं.

ऐरोलीचा_बाबा | मंगळवार, दुपारी ३.०५

हर्षल, ‘मान्य असलेली सुटी’ हे मनाला लागलं.

माझी मुलगी सहा वर्षांची. एक वर्षाची असल्यापासून आम्ही तिला मोबाइल दाखवून भरवलं. ‘एक घास चिऊचा, एक घास काऊचा’ करायला वेळ नव्हता, गाणी लावली की तोंड आपोआप उघडायचं. आम्हाला वाटायचं, किती गुणी आहे, सगळं संपवते. गेल्या महिन्यात पनवेलला निघालो होतो, ट्रान्स हार्बर लोकलने. गाडीतच डबा उघडला आणि फोन बंद पडला. मुलगी पोळीचा तुकडा हातात धरून बसली. मी म्हटलं, खा. ती म्हणाली, ‘किती खाऊ?’ मी म्हटलं, पोट भरेपर्यंत. तर म्हणाली, ‘पोट भरलं हे कसं कळतं?’

तुर्भ्यापासून जुईनगरपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. सहा वर्षांत आम्ही तिला ते कळूच दिलं नव्हतं. गाणं संपलं की जेवण संपलं, एवढंच तिला माहीत.

मीनल_नेरूळ | मंगळवार, दुपारी ३.४०

बाबा, हे तुम्ही ओळखलंत हेच मोठं काम झालं. तान्हं बाळ पोट भरलं की तोंड फिरवतं, त्याला ते जन्मतः येतं. पुढे ते पुसट होत जातं. २०००मध्ये बार्बरा रोल्स, लिआन बर्च वगैरेंनी मुलांना मॅकरोनीचे लहान, मध्यम, मोठे वाढप देऊन पाहिलं. तीन वर्षांची मुलं पुढ्यात कितीही असलं तरी साधारण तेवढंच खात होती. पाच वर्षांची मात्र जास्त वाढलं की जास्त खात होती. म्हणजे तेवढ्या दोन वर्षांत पोटाऐवजी पुढ्यातल्या ताटाकडे बघून जेवायला मुलं शिकतात. आपल्याकडे ‘पानात टाकायचं नाही’ आहेच. ते चांगलंच आहे, पण मग वाढताना त्याने मागितलं तेवढंच वाढायला हवं. आपण वाढायचं आणि संपवायचं मात्र त्याने, यात पोटाचं कुणी ऐकतच नाही.

तिला आता जेवणाच्या मध्ये एकदा थांबवून विचारा: अजून किती जागा आहे, मुठीएवढी की चिमटीएवढी? मुलांना हा खेळ आवडतो.

वैदेही_कोपरखैरणे | मंगळवार, संध्याकाळी ६.२५

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका.

माझ्या वर्गात भूक नसताना खाणारी मुलं आहेत आणि भूक असताना न खाणारीही. शाळेत दुपारी पोषण आहाराची खिचडी मिळते, मुलं पोटभर खातात. शाळा सुटली की त्यातलीच मुलं पाच रुपयांचं पाकीट घेतात. मी एका मुलाला विचारलं, आत्ताच तर दोनदा खिचडी घेतलीस ना? तो म्हणाला, ‘बाई, आत्ता पैसे आहेत.’ त्याचे वडील बाजार समितीत माथाडी. काम लागलं त्या दिवशी पोराच्या हातावर दहा रुपये, नाही लागलं तर नाही. आज आहे तेव्हा खाऊन घ्यायचं, हे तो आठव्या वर्षी शिकलाय. भरल्या घरातल्या मुलाचं आणि त्याचं खाणं वरून सारखंच दिसतं, आतून फार वेगळं आहे.

आणि नियम आहेत बरं का. जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२०चा नियम आहे. ५० मीटर म्हणजे मुलांची ऐंशी-नव्वद पावलं. त्याच्यापुढे दुकान आहेच.

सावनीताई, एक विचारते. हे केव्हापासून सुरू झालं? सहावीत होतं का?

जुना_ठाणेकर | मंगळवार, संध्याकाळी ७.००

वैदेहीताई, पटलं. ‘घरात आणू नका’ हे मी फार घाईने लिहिलं होतं. बाकी आमच्या काळीही भूक नसताना खाणं होतंच. तलावपाळीला फिरायला गेलं की भेळ खायचीच. भेळ हा फिरण्याचाच भाग होता, पोटाशी तिचा संबंध नव्हता. कॉलेजात तर मामलेदारची मिसळ, तिखट जमतं की नाही या पैजेवर.

पक्या_कळवा | मंगळवार, संध्याकाळी ७.०८

मिसळीचं नाव काढलंत, आता धागा गेला. आणि वडापाव कुंजविहारचा की राजमाताचा तेही सांगून टाका.

जुना_ठाणेकर | मंगळवार, संध्याकाळी ७.११

कुंजविहार. वड्याचा आकार बघा, पाव बघा. वाद नकोच.

शुभदा_वाशी | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

राजमाता. चटणीसाठी. ठाण्यात माहेर आहे, हक्काने बोलते. आणि हे वाचून मला आत्ता, चहा-पोहे झालेले असताना, वडापाव खावासा वाटतोय. धाग्याचं उत्तर इथेच मिळालं की!

मीनल_नेरूळ | मंगळवार, संध्याकाळी ७.४५

शुभदाताई, अगदी. नाव वाचलं, वास आठवला, तोंडाला पाणी सुटलं. काही जण अशा बाहेरच्या खुणांनी खातात, काही मन भरून आल्यावर, काही स्वतःला फार आवरून धरल्यानंतर एकदम. लहान मुलांत पहिला प्रकार जास्त दिसतो. वयात येताना दुसरा आणि तिसरा डोकं वर काढतात.

अनामिका_सीवूड्स | मंगळवार, रात्री ११.५५

दिवसभर लिहू की नको करत होते. तिसऱ्या प्रकाराबद्दल लिहिते.

माझी मुलगी १६ वर्षांची. गणपतीत एका नातेवाईकांनी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘हिला आता मोदक कमी.’ सगळे हसले. मीही हसले, हे मला विसरता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने नाश्ता सोडला, डबा तसाच परत. दिवाळीत मी रात्री पाणी प्यायला उठले तर ती अंधारात फ्रिजसमोर बसून खात होती. थंड भात, त्यावर श्रीखंड, त्यावर चिवडा. चव बघून खात नव्हती, नुसतं आत ढकलत होती. मला बघून रडायला लागली.

आम्ही समुपदेशकाकडे जातो आहोत. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की रात्रीचं खाणं थांबवू नका, सकाळचा नाश्ता परत आणा. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री वसूल करतं. आणि घरात कुणाच्याच अंगाबद्दल बोलायचं नाही, कौतुकानेही नाही. दोन आठवड्यांपासून ती सकाळी अर्धी पोळी आणि दूध घेते आहे. अर्धीच, पण आमच्याबरोबर बसून.

सावनीताई, लपवलेली पाकिटं वाचली म्हणून हे लिहिलं. घाबरवायचं नाहीये. फक्त लपवणं म्हणजे लाज, आणि लाज वाढू देऊ नका.

नौपाड्याची_आजी | बुधवार, सकाळी ९.१५

अनामिका, तुझ्या लेकीला या आजीकडून एक मोदक. तिला हवा असेल तेव्हा, हवा तेवढा.

मीनल_नेरूळ | बुधवार, सकाळी ९.४०

अनामिकाताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरी असं असेल आणि समुपदेशक लगेच मिळत नसेल, तर सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येतं.

डॉक्टरकडे कधी जायचं तेही सांगते. खाणं एकदम वाढलं, सोबत सतत तहान, वारंवार लघवीला जाणं आणि खाऊनही वजन उतरणं असेल तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा, उद्यावर टाकू नका. स्टेरॉइडसारख्या काही औषधांनीही भूक वाढते.

आणि भूक नाही असं मुलगा म्हणाला तरी ते दर वेळी खरं धरू नका. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलगे झपाट्याने उंच होतात. दोनला जेवलेल्या मुलाला साडेचारला पुन्हा लागतं, ते भुकेचंच असतं. मधल्या वेळचं खाणं आपल्या घरांतून गेलं आणि त्या जागेवर पाकिटं आली.

शुभदा_वाशी | बुधवार, सकाळी १०.३०

मधल्या वेळचं खाणं! चार वाजले की आई दडपे पोहे करायची. ओलं खोबरं, लिंबू, वरून मिरचीची फोडणी, झाकण ठेवून दहा मिनिटं. कधी उकड, कधी मुगाचं धिरडं, कधी नुसती भाजणीची थालीपिठाएवढी मोठी वडी. खाऊन खेळायला पळायचं ते दिवेलागणीलाच परत. मध्ये कुणी काही खात नसे, कारण मध्ये कुणी घरात नसे.

हर्षल_खारघर | बुधवार, दुपारी १२.५०

शुभदाताई, शेवटचं वाक्य! आमच्या पिढीत ‘मध्ये’ आम्ही घरातच असतो.

अवांतर पण जोडलेलं: पाकिटातलं खाणं हातातून सुटत नाही त्यात मनाचा दोष कमी आहे. अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१९मध्ये २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं ताजं अन्न. समोर ठेवलेल्या अन्नातली साखर, चरबी, मीठ, तंतू सारखेच ठेवले होते, आणि हवं तेवढं खा असं सांगितलं होतं. पाकिटातलं खाताना लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. ते सगळे मोठे लोक होते, मुलं नव्हती. मोठ्यांची ही गत, तर बारा वर्षांच्या मुलाला एकट्याला त्या पिशवीसमोर बसवून ‘आवर घाल’ म्हणणं जरा अन्यायाचं वाटतं.

सावनी_घोडबंदर | बुधवार, रात्री ९.२०

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. वैदेहीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर कालच रात्री मिळालं, पण लिहायला धीर झाला नाही.

जूनपासून. सासूबाई आमच्याकडे होत्या. मेमध्ये नाशिकच्या दिरांकडे गेल्या, गुडघ्याचं ऑपरेशन तिथेच झालं आणि अजून तिथेच आहेत. त्या असताना तो दुपारी जेवला की त्यांच्या शेजारी लोळायचा. त्या वाती वळत, रेडिओ चालू असे, चारला त्या चहा टाकत आणि त्याला दूध. मी हे सगळं ‘आजी आहे म्हणून सोय आहे’ एवढ्यातच धरलं होतं.

काल त्याला जवळ घेतलं. म्हटलं, मी तुला हावरट म्हणाले ते चूक होतं. तो म्हणाला, ‘चालतं.’ मग बऱ्याच वेळाने आपणहून म्हणाला, ‘दुपारी घरात आवाजच नसतो ना. चकली खाल्ली की कुडुम कुडुम आवाज येतो. कानात.’

म्हणून चकली आणि वेफर्स. बेसनाचे लाडू डब्यात तसेच होते, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय.

ऐरोलीचा_बाबा | बुधवार, रात्री ९.३१

काय लिहू. मुलीला घेऊन गॅलरीत बसलोय.

वैदेही_कोपरखैरणे | बुधवार, रात्री ९.५०

सावनीताई, शाळेत मुलं एकटी बसली की पेन्सिलीचं टोक चावतात, कंपासचं झाकण उघडझाप करतात. हे त्यातलंच आहे. त्याला आवाज द्या, मग कशाचा का असेना.

सावनी_घोडबंदर | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११.००

बऱ्याच जणांनी खासगी निरोपातून विचारलं म्हणून लिहिते.

सासूबाईंचा जुना रेडिओ माळ्यावरून काढला. तो दोनला लावतो, काय लागलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. साडेचारला नाशिकला फोन, रोज. आजी तिकडे चहा पिते, हा इकडे खातो, दोघं फोनवर. मी सकाळी काहीतरी करून ठेवते. ओल्या शेंगा उकडून, दडपे पोहे, नाहीतर रात्रीच्या पोळीचा कुस्करा, तो स्वतः फोडणीला टाकतो. सोमवार-बुधवार सोसायटीच्या खाली कॅरम सुरू झालाय, चौथ्या मजल्यावरचे काका शिकवतात.

फरसाण घरात आहे, खालच्या खणात, त्याच्या हाताला येईल असं. अजून खातो. गुरुवारी कॅरम नसतो आणि आजीला फिजिओथेरपी असते, त्या दिवशी पिशवी बरीच खाली गेलेली दिसते. पण आता पिशवी ओट्यावरच असते. गादीखाली काही नाही.

काल त्याने मला विचारलं, ‘तू रात्री जेवल्यावर भांडी लावताना शेंगदाणे का खातेस? भूक असते?’ मी विचार केला आणि म्हटलं, माहीत नाही.

नौपाड्याची_आजी | रविवार, दुपारी १२.४०

सावनी, छान केलंस.

माझंही सांगायचं होतं. धाकटा परवा आला होता. तो फडताळाकडे वळायच्या आत मी ताटलीत दोन लाडू घालून टेबलावर ठेवले आणि समोर खुर्चीत बसले. तो जरा वेळ उभाच राहिला. मग बसला. एक लाडू खायला त्याला चांगली दहा मिनिटं लागली, बोलत होता ना. दुसरा म्हणाला, ‘नको, झालं.’

हर्षल_खारघर | रविवार, दुपारी १.१५

आजी, आमच्या हॉस्टेलवर याल का?

सावनीताई, उकडलेल्या शेंगांना किती शिट्ट्या? इथे मजल्यावर एक छोटा कुकर आहे, रात्री मॅगीऐवजी करून बघतो.

सावनी_घोडबंदर | रविवार, दुपारी १.२०

सालासकट, बुडतील एवढं पाणी, मीठ आधीच घाल. चार शिट्ट्या. गॅस बंद केल्यावर वाफ जिरेपर्यंत झाकण काढू नकोस.

पक्या_कळवा | रविवार, दुपारी १.२४

पाच घे हर्षल, शेंगा जून असतील तर.